अर्णवच्या खेळाचं गाव

मिरज

प्रिय मृणाल,

अर्णव शाळेतून आला की दप्तर टाकतो आणि स्ट्रीट फायटर लावून बसतो, असं तू लिहिलंस. पुढे वैतागून विचारलंस, की असले मारामारीचे खेळ बनवणारी माणसं असतात तरी कुठली? मृणाल, ती तुझ्याच गावातली आहेत. स्ट्रीट फायटर बनवणाऱ्या कॅपकॉमचं मुख्यालय ओसाकाच्या चुओ वॉर्डात आहे. तिची जन्मभराची प्रतिस्पर्धी एसएनके ही उत्तरेला, एसाका स्टेशनच्या परिसरात नावारूपाला आली. तू ज्या मिदोसुजी लाइनने जातेस-येतेस, तिचंच ते टोक. जगभरातल्या दोन पिढ्यांची बोटं ज्या खेळांनी घडवली, त्यातले कितीतरी या एका शहरात, एकमेकांना चांगले ओळखणाऱ्या माणसांनी बनवले. त्यामुळे तुझ्या प्रश्नाला दोन ओळींत उत्तर देऊन माझं भागणार नाही. चहा घेऊन बस.

मला यातलं एवढं कसं माहीत, हे तुला सांगायला नको. स्टँडजवळचं मामाचं व्हिडिओ गेमचं दुकान तुला आठवत असेलच. तू बाहेर सायकल धरून उभी राहायचीस आणि मी आत. तिथे मुली येत नसत, पण मालकाच्या भाचीला कोण अडवणार? मशीन बिघडलं की मामा मागचं दार उघडून आतला बोर्ड काढायचा आणि मी बॅटरी धरून उभी असायची. बोर्डावरची कंपन्यांची नावं मी तिथेच पहिल्यांदा वाचली. पुढे मोठी झाल्यावर त्या नावांमागची माणसं शोधत गेले, आणि त्यातला एक माणूस मनात घर करून बसला. आज त्याच्याबद्दलच सांगायचं आहे.

त्याचं नाव ताकाशी निशियामा. तो आधी आयरेम नावाच्या कंपनीत होता; तीही ओसाकाचीच. 1984 मध्ये त्याने तिथे 'कुंग-फू मास्टर' केला. जपानमध्ये त्याचं नाव 'स्पार्टन एक्स', जॅकी चॅनच्या सिनेमावरून घेतलेलं. पाच मजल्यांची इमारत, प्रत्येक मजल्यावर अंगावर धावून येणारी माणसं, आणि मजल्याच्या शेवटी एक तगडा गडी. मजले चढत जाण्याची कल्पना ब्रूस लीच्या 'गेम ऑफ डेथ'मधली. निशियामाच्या लक्षात आलं, की शेवटच्या गड्याशी होणारी झुंज हाच खेळाचा गाभा आहे. मग नुसत्या त्या झुंजींचाच खेळ का करू नये?

हा विचार घेऊन तो कॅपकॉममध्ये आला. कॅपकॉम काढणारे केन्झो त्सुजिमोतो हे आयरेमचेही संस्थापक. एक घर सोडून त्यांनी दुसरं मांडलं होतं. तिथे निशियामा आणि हिरोशी मात्सुमोतो या दोघांनी 1987 मध्ये पहिला 'स्ट्रीट फायटर' केला. त्याच्या मोठ्या मशीनवर बटणांऐवजी दोन जाड रबरी गाद्या होत्या. जोरात बुक्की हाणली की पडद्यावरचा नायक रियूही जोरात मारायचा, हळू हाणली की हळू. लोकांनी अशा काही बुक्क्या हाणल्या, की हात दुखायला लागले आणि मशीनं खिळखिळी झाली. मग गाद्यांच्या जागी सहा बटणं आली: हलका, मध्यम आणि जोराचा ठोसा, तशाच तीन लाथा. अर्णवच्या हातातल्या खेळातही ही सहा बटणं तशीच आहेत, त्याला विचार. दांडी खालून पुढे पाव वर्तुळात फिरवून ठोसा दाबला की हातातून निळा गोळा निघतो, तो हादोकेनही त्याच खेळातला. तेव्हा तो कसा मारायचा हे मशीनवर कुठेही लिहिलेलं नव्हतं. ज्याला सापडला त्याने तो दुसऱ्याला शिकवला.

पुढे निशियामा आपल्या काही सहकाऱ्यांना घेऊन एसएनकेत गेला.

इथे तुला आपल्या मिरजेचंच उदाहरण देते. उस्ताद अब्दुल करीम खाँ मूळचे कैरान्याचे, पण ते मिरजेत येऊन राहिले आणि किराणा घराणं इकडे रुजलं, कर्नाटकात फोफावलं. गाणं गावाच्या मालकीचं नव्हतं, गळ्याच्या मालकीचं होतं. ओसाकातही तसंच झालं. 1991 च्या सुरुवातीला कॅपकॉमने 'स्ट्रीट फायटर टू' आणला आणि त्याच वर्षाअखेरीस एसएनकेने 'फेटल फ्युरी'. एक निशियामा मागे ठेवून गेलेल्या बीजातून उगवलेला, दुसरा त्याने स्वतः नव्या घरी लावलेला. लोक या दोन खेळांना हाडवैरी समजतात. मी त्यांना सख्खी भावंडं मानते.

'स्ट्रीट फायटर टू'बद्दल बोलायला लागले तर पत्र संपणार नाही, पण थोडं सांगायलाच हवं. तो रचला अकिरा निशितानी आणि अकिरा यासुदा या जोडीने, निर्माता योशिकी ओकामोतो. पहिल्या खेळात खेळायला मिळायचे ते रियू आणि त्याचा जोडीदार केन, बस्स. इथे मात्र आठ जण, आठ देशी-परदेशी तऱ्हा, प्रत्येकाची चाल वेगळी. चित्रं यासुदाची, आणि बहुतेक सगळं संगीत योको शिमोमुराचं. ती ओसाका कॉलेज ऑफ म्युझिकमधून पियानो शिकून आलेली तरुण मुलगी. केन किंवा गाइल या गड्यांची धून आजही दुकानातल्या गोंगाटासकट माझ्या कानात वाजते. त्या आठ जणांत एकच बाई होती, चुन-ली. दुकानातल्या मुलांना ती घेऊन हरवणं हे माझं त्या वयातलं सगळ्यात मोठं सुख होतं.

आणि त्या आठांतला भारतीय धालसिम! गळ्यात कवट्यांची माळ, तोंडातून आग, हातपाय रबरासारखे लांब होणारे, मागे हत्ती उभे. भारत म्हटल्यावर जपानी चित्रकाराच्या डोळ्यांपुढे जे आलं ते त्याने काढलं. मला ते चित्र तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. पण त्या पात्राच्या कथेत त्याला एक मुलगा आहे आणि त्याचं नाव दत्ता आहे. नरसोबाची वाडी इथून हाकेच्या अंतरावर असताना हे मला कितीतरी वर्षं माहीतच नव्हतं.

एक गोष्ट अर्णवला मुद्दाम सांग. एक ठोसा लागला की समोरचा सावरायच्या आत दुसरा, मग तिसरा, अशी जी साखळी तो मारतो ना, कॉम्बो, ती कुणी ठरवून केलेली नव्हती. खेळ तयार होत असताना नोरिताका फुनामिझू हा कॅपकॉमचा माणूस मोटारगाडी फोडायचा मधला टप्पा तपासत होता. त्याच्या लक्षात आलं, की वेळ अचूक साधली तर दोन ठोशांच्या मध्ये आणखी ठोसे बसवता येतात. हा दोषच होता. काढून टाकता आला असता. पण इतकं अचूक कुणाला जमणार, असं म्हणून त्यांनी तो राहू दिला. लोकांना जमलं. त्यानंतर या प्रकारचा जवळजवळ प्रत्येक खेळ त्या राहू दिलेल्या दोषावर उभा राहिला. खेळणाऱ्याच्या बोटांवर विश्वास ठेवणारी कंपनी मला आवडते, आणि त्या दिवशी कॅपकॉमने तो ठेवला.

आता एसएनके. नाव 'शिन निहोन किकाकु' याचं आद्याक्षररूप, संस्थापक एइकिची कावासाकी. 1990 मध्ये तिने निओ जिओ आणला, आणि माझ्या मते या धंद्यातला सगळ्यात शहाणा विचार तोच. तोवर दुकानदाराला नवा खेळ लावायचा तर बहुतेक वेळा अख्खा बोर्ड बदलावा लागे. निओ जिओच्या मशीनमध्ये बोर्ड तोच राहायचा, फक्त जाडजूड कार्ट्रिज बदलायची. काही मशीनांत तर एका वेळी चार किंवा सहा कार्ट्रिज बसत आणि गिऱ्हाईक बटण दाबून खेळ निवडी. याच खेळांचं घरी खेळायचं यंत्रही होतं. ते अमेरिकेत साडेसहाशे डॉलरला होतं, म्हणजे श्रीमंतांचंच काम. पण दुकानवाल्यांसाठी ही सोय लाखमोलाची होती. मेक्सिको, ब्राझील, चीन आणि आपल्याकडच्या छोट्या गावांतही एसएनके जी पोचली, ती या कार्ट्रिजमुळे. मामा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून जुन्या मालात ती घेऊन यायचा. टोकियोतल्या झगमगत्या आर्केडसाठी बनवलेला खेळ मिरजेच्या स्टँडजवळ रुपयाच्या नाण्यावर चालत होता आणि ओसाकातल्या बनवणाऱ्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

आपल्याकडे कॅपकॉमचा 'मुस्तफा'ही तसाच घरोघरी झाला. खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स', 1993 चा, पण पिवळ्या टोपीतल्या मुस्तफामुळे अख्ख्या खेळालाच त्याचं नाव पडलं. तो काही एकास एक झुंजीचा खेळ नव्हता. झुंजीत मामाच्या दुकानावर राज्य होतं 'किंग ऑफ फायटर्स 97'चं. ही मालिका 1994 ची, तीही निशियामाच्याच देखरेखीखाली सुरू झालेली. एसएनकेने आपल्या वेगवेगळ्या खेळांतली पात्रं एकत्र आणून तीन-तीन जणांचे संघ केले. पहिला पडला की दुसरा उतरतो, तो पडला की तिसरा. दुकानदाराच्या दृष्टीने डाव लांबतो, खेळणाऱ्याच्या दृष्टीने आशा शेवटच्या गड्यापर्यंत टिकते.

त्यातली कथाही बघ. क्यो कुसानागी आणि इओरी यागामी या दोन घराण्यांचं वैर, आणि ओरोची नावाच्या शक्तीला पुन्हा बांधून घालायला त्यांना एकत्र यावं लागतं. त्यामागे आहे आठ फण्यांच्या ओरोची सर्पाची जुनी जपानी पुराणकथा आणि तलवार, आरसा, रत्न ही तीन राजचिन्हं. आम्ही मिरजेत यातलं काहीही न कळता इओरीच्या जांभळ्या ज्वाळांवर जीव टाकायचो. लाहोरच्या आर्केडमध्येही हाच खेळ चालायचा. तिथे त्यावर हात बसवलेला अर्सलान ॲश हा मुलगा पुढे टेकेन या दुसऱ्या झुंजीच्या खेळाकडे वळला. 2019 मध्ये जपानमधली आणि लास व्हेगासमधली, अशा दोन्ही इव्हो, म्हणजे झुंजीच्या खेळांच्या मोठ्या स्पर्धा, त्याने जिंकल्या, आणि पाकिस्तानात इतके तयारीचे खेळाडू आहेत हे जगाला तेव्हा कळलं. ज्या दुकानांना लोक वाया गेलेल्या पोरांचा अड्डा म्हणत, तिथे ही तालीम चालली होती.

भावंडांतली भांडणंही ऐक. एसएनकेच्या 'आर्ट ऑफ फायटिंग'चा नायक रियो साकाझाकी दिसायला आणि लढायला रियूच्या फारच जवळचा होता. तो खेळ मात्सुमोतोचा, म्हणजे पहिल्या 'स्ट्रीट फायटर'मधल्या जोडीतल्या दुसऱ्याचा. कॅपकॉमने 1995 मध्ये डान नावाचं एक बढाईखोर, कमकुवत पात्र काढून त्याची टर उडवली; डानच्या हातातून निघणारा गोळा दोन पावलांवरच विझतो. कोर्टात मात्र कॅपकॉम एसएनकेशी भांडली नाही, डेटा ईस्टशी भांडली. 'फायटर्स हिस्टरी' ही आमची नक्कल आहे, असा तिचा दावा होता. 1994 मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयाने तो खेळ थांबवायला नकार दिला. मला तो निर्णय योग्य वाटतो. लाथ आणि ठोसा ही कुणा एकाची मालमत्ता ठरली असती, तर पुढचं काहीच घडलं नसतं. दोन्ही घरं शेवटी 2000 साली 'कॅपकॉम व्हर्सेस एसएनके'मध्ये एकत्र आली.

आणि नेमक्या त्याच वेळी एसएनके बुडत होती. आर्केड ओस पडू लागली होती, त्रिमितीय खेळांसाठी काढलेलं नवं महागडं यंत्र चाललं नव्हतं. 2000 मध्ये पाचिन्कोची यंत्रं बनवणाऱ्या अरुझेने तिला ताब्यात घेतलं, 2001 मध्ये दिवाळं निघालं. कावासाकीने प्लेमोर नावाची वेगळी कंपनी काढून आपलेच जुने हक्क परत मिळवले, पण आधीच घर सोडून गेलेली माणसं काही सगळी परत आली नाहीत. पुढे ती चिनी मालकांकडे गेली, आणि आता तिची जवळजवळ सगळी मालकी सौदी युवराज मोहम्मद बिन सलमान यांच्या मिस्क प्रतिष्ठानकडे आहे. 1999 च्या 'मार्क ऑफ द वुल्व्ह्ज'नंतर तब्बल पाव शतकाने, 2025 मध्ये 'फेटल फ्युरी'चा नवा भाग आला, तो या पैशावर. त्यात फुटबॉलपटू रोनाल्डोही लढायला उतरला आहे. खेळ उत्तम आहे, मी मन लावून खेळते आहे. पण रोनाल्डो तिथे खेळाची गरज म्हणून आलेला नाही, मालकाची हौस म्हणून आलेला आहे, आणि मला ते खुपतं.

निशियामाचं काय झालं? एसएनके कोसळायच्या थोडं आधी, 2000 मध्ये, त्याने डिम्प्स नावाची कंपनी काढली. कुठे, ते ओळख. ओसाकात! 'स्ट्रीट फायटर थ्री'चा शेवटचा भाग 1999 मध्ये आला होता आणि त्यानंतर ही मुख्य मालिका जवळजवळ मेल्यात जमा होती. 2008 मध्ये कॅपकॉमने 'स्ट्रीट फायटर फोर' आणून तिला उठवलं, आणि तो बनवायला हाताशी घेतलं डिम्प्सला. वीस वर्षांनी काम पुन्हा पहिल्या हातांत आलं. कुठल्या पाटीखाली बसून काम केलं याला मी म्हणूनच फार किंमत देत नाही. पाटी विकली जाते, गहाण पडते, सौदीला जाते. ज्याला झुंज कशी रचायची ते कळलं आहे, तो माणूस रस्ता ओलांडून समोरच्या इमारतीत जातो आणि पुन्हा रचतो.

तुला रक्तपाताची काळजी वाटते, तीही समजते. ती ख्याती 'मॉर्टल कोम्बॅट'ची. शिकागोच्या मिडवेमध्ये एड बून आणि जॉन टोबायस यांच्या चार जणांच्या चमूने 1992 मध्ये तो केला, अमेरिकन सिनेटमध्ये त्यावर सुनावणी झाली आणि 1994 मध्ये खेळांवर वयाचे शिक्के मारायची पद्धत तिथे आली. ते वेगळं घराणं आहे. अर्णवच्या खेळात हाडं मोडत नाहीत.

त्याच्या खेळात जे आहे ते वेळेचं भान. पडदा सेकंदाला साठ वेळा बदलतो, आणि एका ठोशाला किती चित्रं लागतात, चुकला तर हात मागे यायला किती, हे बनवणाऱ्यांनी एकेक करून ठरवलेलं असतं. एकाचं एखादं चित्र कमी-जास्त केलं तरी सगळ्यांचा तोल बदलतो. यूट्यूबवर 2004 च्या इव्होमधला दाइगो उमेहारा आणि जस्टिन वाँग यांचा डाव अर्णवला दाखव. त्याने पाहिलाच असेल, तूही बघ. दाइगोच्या केनचा जीव एका रेघेइतका उरला आहे. चुन-लीच्या पंधरा लाथांचा मारा येतो. नुसता अडवला तरी थोडं रक्त जातंच, म्हणजे मरण नक्की. दाइगो प्रत्येक लाथ नेमक्या क्षणी दांडी पुढे करून परतवतो, पंधराच्या पंधरा, आणि उलटून मारतो. सभागृहातले लोक वेडे होतात. त्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात तो हरला, हे कुणाला आठवतही नाही.

तुझा मुलगा परक्या देशातल्या पोरांशी इंटरनेटवरून खेळू शकतो, यामागेही एक खेळाडू आहे, कंपनी नव्हे. अंतर लांब असलं की एकाने दाबलेलं बटण दुसऱ्याच्या यंत्रापर्यंत पोचायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात कितीतरी चित्रं पुढे जातात. पूर्वी दोन्ही यंत्रं एकमेकांसाठी थांबायची, त्यामुळे हात जड पडायचा. इव्हो सुरू करणाऱ्यांपैकी एक, टोनी कॅनन, याने वेगळी युक्ती काढली. यंत्राने थांबायचंच नाही. समोरचा काय करत असेल याचा अंदाज बांधून पुढे जायचं. खरी खबर आली आणि अंदाज चुकला असेल, तर क्षणभर मागे जाऊन तेवढाच भाग दुरुस्त करायचा. हे डोळ्याला जवळजवळ कळतही नाही. जपानी कंपन्यांनी ही युक्ती नीट आपलीशी करायला दहा-पंधरा वर्षं घालवली. त्यांच्या दाराशी आर्केड होती, अंतरं लहान होती, त्यांना निकड वाटली नाही. लांबच्या गावात राहणाऱ्या आम्हा लोकांवर तो अन्याय होता, असं मी स्पष्ट म्हणते. 2023 च्या 'स्ट्रीट फायटर सिक्स'मध्ये ती अखेर उत्तम बसली आहे.

तेव्हा मृणाल, त्याचा खेळ बंद करू नकोस. वेळ ठरवून दे, ते तुझं काम. पण एका रविवारी त्याला नाम्बाच्या एखाद्या आर्केडमध्ये घेऊन जा. तिथे दोन मशीनं पाठीला पाठ लावून ठेवलेली असतात आणि समोरचा माणूस दिसत नाही. आपल्याकडे खांद्याला खांदा लागायचा, तशी ऊब तिथे नाही, पण शिस्त आहे. शंभर येनचं नाणं त्याला स्वतः टाकू दे, एखाद्या पन्नाशीच्या काकांकडून हरू दे, आणि कसा हरलास ते त्याला घरी येऊन तुला सांगू दे. त्याला ते सांगता आलं, तर तो शिकतो आहे असं समज.

शिवाय 'सिक्स' माझ्याकडेही आहे. मी चुन-लीच घेते. आपल्याकडे दुपारचे तीन वाजतात तेव्हा तुमच्याकडे संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात. येत्या रविवारी त्याला जमेल का, विचारून कळव.

तुझी,
अनघा